पुन्हा पाहावे

अभियंत्यांनी पुसलेल्या रेघेचा चुरा हाताने झटकला नाही. नकाशाच्या कडेला ठेवलेला मऊ कुंचला घेऊन त्यांनी तो कण कण गोळा केला आणि कागदाच्या घडीत बांधून टोपलीत टाकला. हाताला घाम असतो आणि घामाने शिसपेन्सिलीची रेघ पसरते, हे त्यांना तंत्रनिकेतनाच्या पहिल्याच वर्षी शिकवले गेले होते. शिकवणारा कधीच गेला होता. शिकवण राहिली होती.

नकाशा टेबलापेक्षा मोठा होता. तीन कोपऱ्यांवर नदीतला एक गोटा, शाईचा पॅड आणि मोजपट्टीचा डबा होता. चौथ्या कोपऱ्यावर मुख्य अधिकाऱ्यांचा चहाचा कप होता. साहेबांनी घोट घ्यायला कप उचलला की नदीचे वरचे टोक गुंडाळले जाई, आणि अभियंते न बोलता ते पुन्हा सपाट करत.

"सर, ही रेघ कायमची?" समोर उभ्या असलेल्या संशोधक मुलीने विचारले.

"आराखड्यात कायमचं काही नसतं. वीस वर्षांचं असतं."

"म्हणजे मी पन्नाशीला टेकेपर्यंत."

"आणि मी भिंतीवर फोटोत जाईपर्यंत," अभियंते म्हणाले, तेव्हा साहेब हसले. अभियंते हसले नाहीत. ते पेन्सिलीला टोक काढत होते.

नदीच्या अभयारण्याचा पुढच्या वीस वर्षांचा व्यवस्थापन आराखडा सोमवारी वर पाठवायचा होता. निवृत्त होऊन बरीच वर्षे झाली असली तरी त्याचे काम अभियंत्यांकडेच आले होते, कारण पहिला आराखडा त्यांचाच. नकाशावर गडद हिरवा भाग म्हणजे गाभा. तिथे मासेमारी नाही, सहलीची नाव नाही, वाळूचा उपसा नाही. फिकट हिरव्यात थोडी मोकळीक होती, आणि पांढरे म्हणजे बाहेरचे. वळणापलीकडचा वरचा पट्टा पहिल्या आराखड्यापासून पांढराच होता. उपसा सरकत सरकत त्या वळणाच्या तोंडाशी आला होता. आता वीस वर्षांसाठी तो पट्टा पांढरा ठेवला, तर तिथले वाळूचे बेट दोन उन्हाळेही टिकणार नव्हते. नदीत तेवढे एकच बेट उरले होते.

मुलीने खिशातून एक छायाचित्र काढून नकाशावर, नेमके त्या वळणापलीकडे ठेवले.

"खांबाला बांधलेल्या कॅमेऱ्यातलं. मागच्या आठवड्यातलं आहे. पाणचिरा आहे सर. बेटावर."

अभियंत्यांनी भिंग घेतले. संध्याकाळचा उजेड, ओली वाळू, आणि चौकटीच्या उजव्या कडेला अर्धा पक्षी. काळी पाठ, पांढरे पोट, तोकडे तांबडे पाय. पाणचिऱ्याची खालची चोच वरच्या चोचीहून लांब असते; तिने तो पाणी चिरत जातो आणि तिच्यावरूनच ओळखला जातो. ती चोच चौकटीच्या बाहेर राहिली होती.

"तोंड दाखवायला लाजला वाटतं," साहेब म्हणाले. "हा सुरय पण असू शकतो. सुरय तर इथे पोत्याने आहेत."

"सुरयाची पाठ काळी नसते, साहेब. करडी असते."

"संध्याकाळी माझी पण काळी दिसते." साहेबांनी कप उचलला, नदी गुंडाळली, अभियंत्यांनी ती सरळ केली. "हे बघा, वाळूवाल्यांचा माणूस रोज माझ्या दारात बसलेला असतो. पण मी त्याचं ऐकणार नाही आणि तुमचंही ऐकणार नाही. हे म्हणतील ती रेघ. यांनी मारलेली रेघ वर कुणी हलवत नाही, हे मला ठाऊक आहे. उगाच नाही यांना सगळे ओळंबा म्हणत."

गवंड्याचा ओळंबा म्हणजे दोरीला बांधलेले वजन. भिंत कुणाची आहे हे तो पाहत नाही. सरळ आहे की नाही एवढेच सांगतो. कार्यालयात हे नाव सगळ्यांच्या तोंडी असले, तरी ते ठेवले होते अभियंत्यांच्या पत्नीने, लग्नानंतरच्या पहिल्याच वर्षात.

"छायाचित्र पूरक पुरावा आहे," अभियंते म्हणाले. "गाभ्याची हद्द बदलायची तर नावेतली मोजणी लागते. दोन निरीक्षक, दोघांची नोंद एक. उद्या सकाळी आपण दोघं जाऊ."

मुलीने मान डोलावली. छायाचित्र उचलताना तिचा हात थोडा रेंगाळला.

"सर, बाईंनी तेव्हाच सांगितलं होतं ना. याच बेटावर."

साहेबांनी कप खाली ठेवला. कोपरा नीट बसला होता, तरी अभियंत्यांनी तो पुन्हा एकदा सपाट केला.

*

अभियंत्यांची पत्नी शाळेत जीवशास्त्र शिकवत असे. अर्ध्या गावासाठी ती "बाई" होती. या संशोधक मुलीसाठीही. नदीवरच्या मोजणीला वर्षानुवर्षे नवराबायकोच जात. मोजणीची पद्धत अभियंत्यांनी बसवलेली होती आणि ती त्यांच्यासारखीच होती. नावेच्या मधल्या फळीवर दोन निरीक्षक पाठीला पाठ लावून बसत. वर जाताना एकाच्या समोर बेटाचा काठ येई, दुसऱ्याच्या समोर झाडीचा. वळून परत येताना, जागा न बदलता, काठ आपोआप बदलत. म्हणजे दोन्ही काठ दोघांच्याही डोळ्यांखालून जात, पण वेगवेगळ्या वेळी. धक्क्याला लागेपर्यंत कुणी एक अक्षर बोलायचे नाही. उतरल्यावर नोंदी शेजारी ठेवायच्या. जुळल्या तर मान्य, नाही तर अमान्य. आणि एका पट्ट्यात एका दिवशी एकच फेरी, म्हणजे तोच पक्षी दोनदा मोजला जात नाही.

काही वर्षांपूर्वीच्या त्या सकाळी वर जाताना बेटाचा काठ तिच्या समोर होता. धक्क्यावर पाय ठेवताच ती वळली होती.

"पाहिलेत ना? पाणचिरे! बेटाच्या खालच्या टोकाला, अगदी पाण्याला लागून."

"मला सुरय दिसले."

"सुरय कुठले? अहो, पाणी चिरत गेला एक, माझ्या डोळ्यांसमोरून."

"मी येताना पाहिलं. टोकाला काही नव्हतं."

"मग उडाले असतील."

"असतील. पण 'असतील'वर नोंद होत नाही."

ती हसली होती. "ओळंबा तो ओळंबाच," म्हणाली, आणि हातातली पेन्सिल नेहमीप्रमाणे अंबाड्यात खोचली होती.

त्याच महिन्यात ती एका रविवारी शाळेच्या बंद फाटकासमोर डबा घेऊन बराच वेळ उभी राहिली होती. हे अभियंत्यांच्या मनात नव्हते, असे म्हणता येणार नाही. पण त्यांनी लिहिले ते पद्धतीला धरून लिहिले. अमान्य. पुढच्या मोजणीला त्यांनी तिच्या जागी दुसरा निरीक्षक घेतला आणि तिला म्हणाले, "यंदा तू आराम कर." प्रत्येक गोष्टीवर वाद घालणारी ती बाई त्यावर काहीच बोलली नव्हती.

*

घरी बहीण दारातच गालाला हात लावून बसली होती. ती अभियंत्यांची धाकटी बहीण. नवरा गेल्यापासून इथेच राहत होती, आणि वहिनीचे सगळे तीच पाहत होती.

"दादा, उद्या सकाळी माझी दाढ काढायची आहे. आता पुढे ढकलायचं नाही म्हणून डॉक्टरांनी दम दिलाय. तू घरी थांब."

"उद्या मोजणी आहे."

"मग वहिनीला ने नावेत. नाही तरी तू पक्ष्यांकडे बघतोस तितकं घरातल्या माणसांकडे बघत नाहीसच."

आत पलंगावर पत्नी टॉवेलची घडी घालत होती. घडी झाली की ती हाताने दाबून पाही आणि पुन्हा उलगडी. अभियंते शेजारी बसले.

"अगं, आज ती आली होती कार्यालयात. तुझी विद्यार्थिनी. पक्ष्यांवर काम करते ना, ती."

"हो."

"वरच्या पट्ट्यातलं बेट आठवतं तुला?"

"हो."

"काय होतं तिथे?"

तिने टॉवेलच्या दोन कडा जुळवल्या. कपाळावर एक आठी आली आणि गेली. "ते… पाण्यावरचं," ती म्हणाली. मग त्यांच्या चेहऱ्याकडे पाहून घाईघाईने म्हणाली, "हो, हो. होतं ना."

"तिला काय विचारतोस?" बहीण दारातून म्हणाली. गाल सुजल्यामुळे तिचे शब्द एका बाजूने येत होते. "हत्ती होता का विचार, हो म्हणेल. जन्मभर तुला एका गोष्टीला हो म्हणाली नाही, ते सगळे हो आता एकदम देऊन टाकतेय." ती आत आली आणि वहिनीच्या केसांवरून हात फिरवला. "काय हो वहिनी, खोटं बोलतेय का मी?"

"हो वन्सं," पत्नी गोड हसून म्हणाली.

बहिणीला हसू आले, त्याने दाढेत कळ गेली, आणि ती गाल धरून स्वयंपाकघराकडे वळली. अभियंत्यांनी टॉवेलचे दुसरे टोक धरले. दोघांनी मिळून घडी घातली. ती त्यांनी हाताने दाबून धरली, तरी ती उलगडलीच गेली.

*

धुके पाण्यावरून उठायला लागले होते. नावाड्याने तिघांना येताना पाहिले आणि काठी वाळूत रोवून तो उभा राहिला.

"आज बाई? वा! कोणत्या फळीवर बसवू? आपल्या नियमात दोनच माणसं आहेत."

"त्या मोजणीत नाहीत. पुढच्या टोकाला बसतील, तोंड आपल्याकडे करून."

"बाई, ओळखलंत ना? तुम्ही माझ्या पोराला आठवीतून नववीत ढकललं होतंत. त्यानंतर तो कुणाच्या ढकलण्याने हलला नाही."

"हो," ती म्हणाली आणि त्याने पुढे केलेला हात धरून नावेत आली. पाय कुठे ठेवायचा, तोल कसा घ्यायचा, हे तिच्या शरीराने कुणालाही विचारले नाही. संशोधक मुलीने तिच्या खांद्यावरची शाल नीट केली. "बाई, थंडी नाही ना वाजत?" तिने विचारले, आणि उत्तर माहीत असूनही उत्तराची वाट पाहिली.

मोजणीच्या दिवशी इंजिन लावत नसत. नावाडी काठीने ढकलत नाव वर नेऊ लागला. मधल्या फळीवर अभियंते आणि मुलगी पाठीला पाठ लावून बसले. वर जाताना बेटाचा काठ अभियंत्यांच्या समोर होता. पुढच्या टोकाला पत्नी, वळणाकडे पाठ करून, त्यांच्याकडे तोंड करून.

उपशाची जागा गेली. तिथे काठ उभा तुटलेला होता आणि पाण्यात लोखंडी पाइपचे तोंड दिसत होते. मग वळण आले, झाडी मागे सरली आणि बेट दिसू लागले.

खालच्या टोकाला, पाण्याला लागून, ते ओळीने बसलेले होते. सगळ्यांची तोंडे वाऱ्याकडे. काळ्या पाठी, आणि चोची इतक्या स्पष्ट की दुर्बिणीची गरज नव्हती. तरी अभियंत्यांनी ती लावली, कारण पद्धतीत दुर्बीण होती. त्यातला एक उठला. पाण्याच्या अगदी वर उतरून त्याने खालची चोच पाण्यात घातली आणि तो सरळ निघाला. त्याच्यामागे पाण्यावर एक रेघ उमटत गेली. कुणी पट्टी न लावता मारलेली इतकी सरळ रेघ अभियंत्यांनी आयुष्यात पाहिली नव्हती. आणि ती मागून मिटत येत होती.

बोलायचे नव्हते. त्यांनी पाटीवर लावलेल्या कागदावर लिहिले. अक्षर नेहमीसारखेच आले. मागे मुलीची पाठ टेकलेली होती, म्हणून त्यांनी श्वासही एका लयीत ठेवला. पाठीला पाठ लागलेली असली की माणसाला काय दिसले ते पाठीतून कळते. इतकी वर्षे मोजणी केलेल्या माणसाला हे माहीत असते. त्या सकाळीही, नेमक्या याच ठिकाणी, पत्नीची पाठ एकाएकी ताठ झालेली त्यांना कळली होती. पाठीसाठी कागदावर रकाना नव्हता.

त्यांनी दुर्बीण खाली घेतली तेव्हा पुढच्या टोकाला पत्नी बसलेली होती. बेट तिच्या डाव्या हाताला होते. ती तिकडे पाहत नव्हती. ती त्यांच्याकडे पाहत होती, वर्गात एखाद्या मुलाला उत्तर सुचत असताना शिक्षक त्याच्याकडे पाहतात, तशी.

पट्ट्याच्या टोकाला नाव वळली आणि प्रवाहाबरोबर खाली निघाली. आता बेटाचा काठ मुलीच्या समोर होता आणि अभियंत्यांच्या समोर झाडी. झाडीत काय होते ते त्यांनी लिहिले: दोन बगळे, एक खंड्या. खालून कुठून तरी वाळूच्या मोटारीचा भोंगा वाजला. बेटाच्या टोकाशी नाव आली असेल, असे त्यांनी प्रवाहाच्या वेगावरून मनाशी धरले, आणि ते मागच्या पाठीकडे लक्ष देऊन बसले. एखाद्या भिंतीला कान लावावा तसे. ती पाठ ताठ झाली नाही. काही वेळाने ती थोडी खाली झुकली.

धक्क्यावर उतरून दोघांनी कागद शेजारी शेजारी ठेवले. बोलायची आता परवानगी होती, पण आधी नावाडीच बोलला.

"भोंग्याने उडाले हो. मी काठी मारत होतो, मला दिसलं. पण मी काय निरीक्षक नाही."

मुलीच्या कागदावर बेटाच्या रकान्यात सुरय होते आणि त्याखाली काही नव्हते. तिने अभियंत्यांचा कागद वाचला. पुन्हा वाचला. तिच्या हातातली पेन्सिल स्वतःच्या कागदाच्या त्या रिकाम्या जागेवर आली आणि तिथे टेकून राहिली.

"सर, तुम्ही पाहिलेत. आहेत तिथे. मी नुसतं एक लिहिलं तर…"

"जे दिसलं तेवढंच लिहायचं."

"पण वीस वर्षं, सर!"

अभियंत्यांनी दोन्ही नोंदींवरून पेन्सिलीचे टोक फिरवले. नोंदी जुळल्या नव्हत्या. शेवटच्या ओळीत लिहायचा शब्द त्यांना माहीत होता. तो याआधी त्यांनी याच धक्क्यावर, याच पट्ट्यासाठी लिहिला होता.

"मी पाहिलं," पत्नी म्हणाली.

सगळ्यांनी वळून पाहिले. नावाड्याचा हात धरून ती धक्क्याच्या पहिल्या पायरीवर उभी होती. शाल एका खांद्यावरून घसरली होती.

"बाई, काय पाहिलंत?" मुलीने हळूच विचारले.

"ते म्हणतायत ते."

अभियंते दोन पायऱ्या उतरून तिच्यापर्यंत आले. त्यांनी शाल वर घेतली, पण हात तिथेच राहिला.

"तू तर तिकडे बघतच नव्हतीस," ते म्हणाले. "कुठल्या काठाला पाहिलंस?"

"तुम्ही बघत होतात ना," ती म्हणाली, जणू या प्रश्नात विचारण्यासारखे काहीच नव्हते, "त्या काठाला."

मुलगी नदीकडे तोंड करून उभी राहिली. नावाडी उगाचच नावेतले पाणी उपसू लागला. भोंगा पुन्हा एकदा वाजला आणि थांबला.

अभियंत्यांनी पाटी गुडघ्यावर टेकवली आणि शेवटच्या ओळीत लिहिले. मग पाटी मुलीकडे दिली. तिने वाचले: एका निरीक्षकास दिसले, दुसऱ्यास दिसले नाही. पुन्हा पाहावे.

"सर, असा शेरा नाहीये आपल्याकडे. मान्य किंवा अमान्य."

"आता आहे. आराखड्यात जिथे जिथे 'अमान्य' असेल तिथे हे घाला. आणि त्याखाली एक वाक्य लिहा. पाहून होईपर्यंत पट्टा गाभ्यात धरावा."

"साहेब?"

"साहेबांनी रेघ माझ्यावर सोडली आहे. मी मारतो." ते थांबले. "हे आधीच लिहायला हवं होतं. फार आधी."

मुलीने कागद छातीशी धरला. जुन्या पद्धतीत एका नोंदीने बाहेर राहिलेला पट्टा आता एका नोंदीने आत येत होता. बेट राहणार होते. पण ज्या माणसाचे म्हणणे खरे ठरले होते, ते माणूस पायरीवर उभे राहून शालीच्या गोंड्यांची वेणी घालण्यात गुंतले होते.

"त्यांना सांगू या का?" मुलीने विचारले. "बाईंना. की त्या तेव्हा…"

"हो म्हणेल ती," अभियंते म्हणाले.

त्यांनी नावाड्याकडे पाहिले. "पुन्हा वर जायचंय."

नावाड्याने हातातले भांडे खाली ठेवले. "आजच? एका दिवशी एकच फेरी, असं तुम्हीच आम्हाला ओरडून ओरडून शिकवलंत."

"मोजायला नाही जायचं."

"मग कशाला?"

अभियंत्यांनी पाटी, दुर्बीण आणि रुमाल धक्क्यावरच, मुलीजवळ ठेवला. मुलीच्या हातात पेन्सिल होती. तिने क्षणभर विचार केला आणि पुढे होऊन ती बाईंच्या हातात दिली. पत्नीने पेन्सिल उलटसुलट करून पाहिली, टोक बोटाने चाचपले, आणि मग दुसऱ्या कुठल्या तरी काळातून आल्यासारखा तिचा हात सरळ मागे गेला आणि पेन्सिल अंबाड्यात खोचली गेली.

या वेळी मधल्या फळीवर दोघे एका बाजूला तोंड करून बसले. खांद्याला खांदा लागला होता. अशा बसण्याने नाव एका अंगाला थोडी कलत होती. नावाड्याने त्यांच्याकडे पाहिले, स्वतः दुसऱ्या अंगाला सरकला आणि काठी टाकली. धुके पूर्ण उठले होते. धक्का मागे गेला, त्यावर उभी मुलगी लहान होत गेली.

अभियंत्यांनी आपला हात पत्नीच्या पाठीमागे नेला. तिला तोल जाऊ नये म्हणून, असे कुणालाही वाटले असते. शालीखाली पाठ पूर्वीपेक्षा अरुंद झाली होती आणि तिचे मणके बोटांना एकेक लागत होते. ती समोर पाहत होती. तिला काय दिसत होते ते सांगता आले नसते. उपशाची जागा आली आणि गेली. काठावरच्या झाडीने बेट अजून पूर्ण झाकलेले होते. वळण यायचे होते.

तिची पाठ त्यांच्या तळहाताखाली किंचित ताठ झाली.

"दिसले," अभियंते म्हणाले.